माता-बाल आरोग्य रिसर्चमध्ये डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचं असेल तर

ह्या कामात यायचं म्हणणारे बहुतेक जण पहिल्यांदा हेच विचारतात की आर शिकू का स्टाटा (दोन्ही आकड्यांच्या विश्लेषणाची सॉफ्टवेअर), आणि मी प्रत्येकाला सांगते की कुठलंही एक घ्या, रोज बसलात तर काही महिन्यांत हात बसतो. खरा वेळ जातो तो दुसऱ्या गोष्टीत. समोरच्या शीटमध्ये बाळाचं वजन २५०० लिहिलंय, ते कोणी घेतलं, कुठल्या काट्यावर, जन्मल्यावर किती वेळाने, दुपट्यासकट का दुपटं काढून, हे समजून घ्यायला लागतं. ह्या क्षेत्रातला जवळपास प्रत्येक आकडा कुठल्यातरी आशाताईने, नर्सबाईने नाहीतर अंगणवाडी सेविकेने कामाच्या गर्दीत लिहिलेला असतो, आणि तो कसा लिहिला गेला हे माहीत नसेल तर तुमचं रिग्रेशन (कशाचा कशाशी किती संबंध ते काढणारं मॉडेल) कितीही भारी असो, उत्तर चुकणार.

शिक्षणाचं म्हणाल तर स्टॅटिस्टिक्सवाले, एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) केलेले, बीएएमएस-बीएचएमएस करून प्रॅक्टिस न करणारे, आयटीतून कंटाळून आलेले, सगळे ह्यात आहेत. डॉक्टर मंडळींना आकडे शिकावे लागतात आणि आकडेवाल्यांना बाळंतपण शिकावं लागतं, एवढाच फरक. मुंबईत देवनारला आयआयपीएस (इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस) आहे, तिथे लोकसंख्याशास्त्राचे आणि बायोस्टॅटिस्टिक्सचे कोर्स चालतात. टूल्समध्ये एक्सेल, आर किंवा स्टाटा, डेटा गोळा करायला रेडकॅप, ओडीके किंवा कोबो, आणि थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा). एवढं सुरुवातीला पुरे, मशीन लर्निंगच्या मागे लगेच लागू नका.

पहिला सराव एनएफएचएस-५ वर करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची फेरी, जी आयआयपीएसनेच केली. रिपोर्ट आणि जिल्ह्यांच्या फॅक्टशीट फुकट आहेत, मूळ डेटासाठी अर्ज करून कशासाठी हवाय ते लिहावं लागतं. मुलांची फाईल उघडा आणि स्वतःला एकच काम द्या, महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांचं स्टंटिंग काढा, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्यांचं प्रमाण. रिपोर्टमधला आकडा ३५.२ टक्के आहे. तुमचा त्याच्या अगदी जवळ येईपर्यंत पुढे जाऊ नका, ह्या एका व्यायामात अर्धा धंदा शिकून होतो.

जुळणार नाही सुरुवातीला. कारण असं की उंचीचा झेड-स्कोअर (त्या वयाच्या प्रमाण उंचीपासून मूल किती दूर आहे त्याचं माप) एचडब्ल्यू ७० नावाच्या कॉलममध्ये शंभरने गुणून ठेवलेला असतो, म्हणजे उणे २१३ दिसलं तर ते उणे २.१३ समजायचं. त्याच कॉलममध्ये ९९९६, ९९९७, ९९९८ असेही आकडे आहेत, ती मापं नाहीतच, उंची किंवा वय पटण्यासारखं नसल्याच्या खुणा आहेत, त्या न काढता टक्केवारी काढली तर ही मुलं धडधाकट म्हणून हिशोबात शिरतात आणि स्टंटिंग कमी दिसतं. मग व्ही ००५ हे वेट, म्हणजे त्या केसला हिशोबात किती भार द्यायचा तो आकडा, त्याला दहा लाखाने भागायचं. त्यानंतर क्लस्टर (एकत्र निवडलेली गाव-वस्ती) आणि स्ट्रॅटम (निवडीआधी पाडलेला गट) सांगून सर्व्हे डिझाइन सेट करायचं, नाहीतर टक्केवारी बरोबर येते पण कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो) खोटा अरुंद येतो. आणि जिल्ह्याच्या फॅक्टशीटमध्ये कंसातला आकडा दिसला तर तो २५ ते ४९ केसेसवरचा असतो, त्याच्यावर ठळक हेडलाइन करू नका प्लीज.

आता खऱ्या प्रोजेक्टचा डेटा. तिथे सगळ्यात जास्त त्रास गर्भाच्या वयाचा असतो, आणि ह्यावर जरा थांबायला पाहिजे कारण अकाली जन्म, वाढ खुंटणं, पहिल्या तिमाहीत नोंदणी झाली का, सगळं त्याच्यावरच उभं आहे. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी असेल तर उत्तम, तीच वापरा. नसेल तर पाळीची शेवटची तारीख, आणि ती तारीख बाईला बऱ्याचदा इंग्रजी कॅलेंडरने आठवत नाही. ती सांगते श्रावणात, पोळ्याच्या आधी, गणपती बसले तेव्हा. फील्डवर्करकडे सणांचं कॅलेंडर असेल तर हे चांगलं जमतं. पण २०२३ मध्ये श्रावण दोन होते, १८ जुलैपासून अधिक आणि १७ ऑगस्टपासून निज. नुसतं श्रावण लिहून कोणी जुलै धरला आणि बाईच्या मनात निज श्रावण असेल तर ३७ आठवड्यांचं बाळ ४१ चं दिसतं. उलट झालं तर पूर्ण दिवसांचं ३९ आठवड्यांचं बाळ ३५ वर येऊन अकाली जन्मात मोजलं जातं. म्हणून प्रश्नावली बनवतानाच सांगा की महिना नको, सण विचारा, कारण नागपंचमी आणि पोळा निज महिन्यातच येतात. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हाही हेच. आणि मुंबईच्या वस्त्यांमध्ये उत्तर प्रदेश-बिहारच्या बायका असतील तर त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, तेही टीमला माहीत पाहिजे. डेटा आल्यावर एक तपासणी नेहमी लावा, आठवडे आणि वजन एकमेकांसमोर प्लॉट करा, ३२ आठवडे आणि ३१०० ग्रॅम असं काही दिसलं की ती तारीख परत विचारायला पाठवा.

वजनाचंही तसंच. जन्मवजनाचा हिस्टोग्राम काढला की २०००, २५००, ३००० वर उंच मनोरे दिसतात, लिहिणाऱ्याने राउंड केलेलं असतं. कमी वजनाची व्याख्या २५०० पेक्षा कमी, म्हणजे बरोब्बर २५०० वर बसलेली सगळी बाळं नॉर्मलमध्ये जातात आणि त्यातली काही खरं तर २४५० ची असतात. हे लपवायचं नाही, त्यातला काही हिस्सा कमी वजनात धरून परत हिशोब करायचा आणि दोन्ही उत्तरं द्यायची. मोठ्या मुलांच्या उंचीत दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजतात आणि वरचं उभं करून, दोन्हीत सरासरी ०.७ सेंटीमीटरचा फरक धरतात, म्हणून कसं मोजलं हा कॉलम फॉर्ममध्ये हवाच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने १९९३ ला पुण्याजवळच्या सहा गावांत जो मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी सुरू केला त्याचं नाव जगभर झालं ते बाळांचं वजनाशिवाय बरंच काही काळजीने मोजल्यामुळे. त्वचेखालच्या चरबीची जाडी मोजली म्हणून तर कळलं की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाला बरीच कमी असली तरी चरबी त्या मानाने टिकून असते. नुसत्या वजनाच्या कॉलमवर हे कधीच दिसलं नसतं.

मिसिंग डेटा. पुस्तकात शिकवतात की मिसिंग रँडम (म्हणजे कुठल्याही ठराविक कारणाशिवाय गळालेला) आहे का बघा, आपल्याकडे तो बहुधा नसतोच. पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते, तिचं बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यात होतं आणि तुमच्या फाईलमध्ये ती लॉस्ट टू फॉलोअप. बीडकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेली की उन्हाळ्यापर्यंत गावात नाहीत, म्हणजे त्या महिन्यांत अंगणवाडीत ज्या बायका आणि मुलं मोजली जातात ती तुलनेने बऱ्या घरची असतात. अशा वेळी मल्टिपल इम्प्युटेशन (रिकाम्या जागा अंदाजाने भरायची पद्धत) चालवून मोकळं व्हायचं नाही. आधी महिन्यानुसार आणि कितवी खेप ह्यानुसार कोण गळालं त्याचं टेबल करा, शक्य असेल तर माहेरचा फोन नंबर नोंदणीच्या वेळीच घ्यायला लावा.

नावं जुळवणं हाही मोठा उद्योग आहे. आईचं नाव एका रजिस्टरला माहेरचं, दुसऱ्याला सासरचं, लग्नानंतर पहिलं नावही बदललेलं. बारसं होईपर्यंत बाळ म्हणजे बेबी ऑफ सुनीता, जुळी असतील तर दोन्ही बेबी ऑफ सुनीता. पहिल्या दिवसापासून आईला एक आयडी आणि बाळाला त्याच आयडीला जोडून क्रमांक, हे झालं नाही तर नंतर महिनेच्या महिने जातात. आणखी एक, मृत जन्म आणि जन्मून लगेच गेलेलं बाळ ह्यांची सरमिसळ होते, म्हणून फॉर्ममध्ये नुसतं जिवंत का मृत असं न विचारता बाळ रडलं का, श्वास घेतला का, हालचाल केली का हे वेगवेगळं विचारलेलं असावं. हे विचारणं अवघड असतं. समोर ती आई बसलेली असते, त्यामुळे प्रश्न कमी पण नेमके ठेवणं हे अ‍ॅनालिस्टचंही काम आहे, वापरणार नाही असा एकही प्रश्न तिला विचारला जाऊ नये.

मातामृत्यूबद्दल वेगळं सांगते कारण ह्यावर वरून प्रेशर येतं. समजा ३० हजार लोकसंख्येचं पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) आहे. जन्मदर हजारी १५ धरला तर वर्षाला साधारण ४५० बाळंतपणं. एसआरएसच्या (सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या) २०१८-२० च्या आकड्यांत महाराष्ट्राचं मातामृत्यू प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ आहे, म्हणजे ह्या पीएचसीला सहा-सात वर्षांत एक मृत्यू अपेक्षित. तो ज्या वर्षी होईल त्या वर्षी प्रमाण २२२ येतं आणि पुढच्या वर्षी शून्य. मग मीटिंगमध्ये कोणी म्हणतं कामगिरी सुधारली, कोणी नर्सबाईला नोटीस काढतं. अशा छोट्या युनिटचं प्रमाण काढूच नका, मृत्यूची संख्या द्या आणि तो कसा झाला, गाडी कधी मिळाली, रक्त कुठे मिळालं नाही, हे सविस्तर लिहा, शिकायला तेच उपयोगी पडतं.

गावागावांत वाटून केलेला अभ्यास असेल तर अ‍ॅनालिसिसमध्ये गाव विसरायचं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग ह्यांच्या सर्च संस्थेने घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा जो प्रयोग केला आणि १९९९ ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय जर्नलमध्ये छापला, त्यात ३९ गावांत काळजी दिली आणि ४७ गावं तुलनेला होती. एका गावातल्या बाळांना तीच आरोग्यदूत, तोच रस्ता, तेच पाणी, त्यामुळे ती एकमेकांसारखी असतात, हजार बाळं म्हणजे हजार स्वतंत्र माहित्या नव्हेत. मिक्स्ड मॉडेल (गावागावातला फरक धरणारं) किंवा क्लस्टर धरून स्टँडर्ड एरर (अंदाज किती हलू शकतो त्याचं माप), काहीतरी पाहिजेच.

गोपनीयतेत ढिलाई अजिबात नको. नाव, मोबाईल, आधार वेगळ्या फाईलमध्ये, पासवर्ड लावून, आणि अ‍ॅनालिसिसच्या फाईलला फक्त आयडी. व्हॉट्सअ‍ॅपवर बायकांच्या नावाची एक्सेल फिरते ते आपल्यापासून तरी बंद करा. नावं काढली म्हणजे झालं असंही नाही, एका गावात वर्षात एकच मातामृत्यू, सोबत वय आणि जात, एवढ्यावरून तिथला प्रत्येक माणूस ओळखतो, म्हणून छोटे आकडे एकत्र करून तालुक्याच्या पातळीवर द्या. एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्या प्रोटोकॉलमध्ये जे विचारलंय तेच आधी तपासा, अ‍ॅनालिसिस प्लॅन डेटा बघायच्या आधी लिहून तारीख टाकून ठेवा.

आणि वर्षातून दोन-चार वेळा तरी फील्डवर जा. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात कोपऱ्यात बसा, काटा शून्यावर आणतात का, बाळाचं दुपटं काढतात का, नर्सबाईला किती रजिस्टरं भरावी लागतात ते बघा. परत येताना त्यांच्याच भागाचा एक साधा तक्ता मराठीत छापून त्यांना द्या, पुढच्या महिन्यापासून फॉर्म सुधारलेले दिसतात कारण आपण लिहिलेलं कोणीतरी वाचतं हे त्यांना कळतं.

नोकरी शोधताना डेटा मॅनेजर, बायोस्टॅटिस्टिशियन, रिसर्च असोसिएट, एम अँड ई (मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन) ऑफिसर ही सगळी नावं टाकून शोधा, काम बरंचसं तेच असतं. अर्जासोबत सर्टिफिकेटांची थप्पी लावण्यापेक्षा वर सांगितलेला एनएफएचएसचा व्यायाम कोडसकट आणि दोन पानांच्या टिपणासोबत जोडा, त्यात कुठल्या केसेस वगळल्या आणि का ते लिहा. इंटरव्ह्यूमध्ये तुम्हीही विचारा, की फॉर्म बनवताना अ‍ॅनालिस्टला बसवतात का आणि फील्डला जायला मिळेल का. दोन्हीला नाही म्हणाले तर पगार बरा असला तरी मी तरी दुसरी जागा बघेन.