गुटू ते व्हेनिस : बाहेर जाऊन चित्रकार होऊ पाहणाऱ्यांसाठी

चित्रकार कुड्झानाई-व्हायोलेट ह्वामी १९९३ साली झिंबाब्वेतल्या गुटू इथे जन्मली. नऊ वर्षांची असताना देश सुटला. सतराव्या वर्षापर्यंत दक्षिण आफ्रिका, मग ब्रिटन. २०१६ मध्ये लंडनच्या विम्बल्डन कॉलेज ऑफ आर्ट्समधून पदवी, २०१७ मध्ये पहिला सोलो शो, २०१९ मध्ये व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या जागतिक कलाप्रदर्शनात, झिंबाब्वेच्या पॅव्हेलियनमध्ये (देशाच्या दालनात) चित्रं. पदवीनंतर अवघ्या तीन वर्षांत! हे वाचून कुणीही म्हणेल, नशीब काढलं पोरीने. मी लंडनमध्ये चित्रकलेचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं, आता इथेच काम करते. जे.जे.तून, पुण्याच्या अभिनवमधून, कोल्हापूरच्या कलानिकेतनमधून इकडे यायची तयारी करणारी मुलं मला विचारतात की पोर्टफोलिओत काय टाकू, कॉलेज कुठलं धरू, पुढे पोट भरेल का. या तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे जी काही उत्तरं आहेत, ती बरीचशी ह्वामीचा प्रवास नीट पाहिल्यामुळे मिळालेली आहेत.

आधी तिची चित्रं. तिच्याबद्दल बोलताना सर्रिअलिझम (अतिवास्तववाद) हा शब्द येतोच, आणि तो अस्थानी नाही. २०२२ च्या व्हेनिस बिएनालेचं मुख्य प्रदर्शन क्युरेटर सेसिलिया अलेमानी यांनी ‘द मिल्क ऑफ ड्रीम्स’ या नावाने मांडलं होतं. हे नाव लिओनोरा कॅरिंग्टन या सर्रिअलिस्ट चित्रकर्तीच्या पुस्तकाचं. त्या प्रदर्शनात ह्वामी होती, आणि हरारेची पोर्शिया झ्वावाहेराही होती. पण आंद्रे ब्रेताँने १९२४ मध्ये पॅरिसमध्ये सर्रिअलिझमचा जाहीरनामा काढला तेव्हा त्याला अबोध मनाचा तळ गाठायचा होता. ह्वामीच्या चित्रांतलं स्वप्नासारखं वातावरण दुसरीकडून येतं. घरच्यांचे जुने फोटो, स्वतःचे फोटो, इंटरनेटवर सापडलेल्या प्रतिमा हे सगळं ती संगणकावर कापून एकमेकांवर बसवते आणि तो कोलाज मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात उतरवते. कधी त्यात पेस्टल, कोळसा, सिल्कस्क्रीनही असतं. विशीच्या आत तीन देशांत राहिलेल्या माणसाच्या आठवणीत जागा आणि काळ आपापल्या कप्प्यात गप्प बसत नाहीत. आजीच्या पिढीतलं कुणी आणि कालचा मोबाइलमधला फोटो एका चौकटीत शेजारीशेजारी आले की चित्र आपोआप अतिवास्तव होतं. त्यासाठी दालीसारखी वितळणारी घड्याळं काढावी लागत नाहीत.

मी लंडनला आले त्याच शरदात, २०१९ मध्ये, व्हॉक्सहॉलच्या गॅसवर्क्समध्ये तिचा शो लागला होता. एखाद्या ना-नफा संस्थेने भरवलेलं तिचं हे पहिलंच एकल प्रदर्शन. नावातच १५,९५२ किलोमीटरचा आणि ट्रान्स-सहारा महामार्गाचा उल्लेख होता. तिथे मी आधी हातभर अंतरावर उभी राहून रंग पाहिला. आपल्याकडे कातडीचा रंग शिकवताना बर्न्ट सिएना, येलो ओकर, थोडा पांढरा, सावलीला अल्ट्रामरीन असा हात बसवला जातो. पोर्ट्रेटच्या परीक्षेत तो हात फार कामाचा. ह्वामीची माणसं मात्र त्वचेच्या ठरीव रंगांत बसत नाहीत. तरीही माणूस खोटा वाटत नाही, कारण खालचं ड्रॉइंग पक्कं आहे. शिवाय एक प्रतिमा संपून दुसरी सुरू होते तिथली कड ती लपवत नाही. जोड दिसतो, आणि तो दिसावा अशीच तिची इच्छा असते.

जे.जे.सारख्या ठिकाणी शिकलेल्या मुलांना मी हे पुन्हापुन्हा सांगते, कारण आपला हात तयार असतो. लाइफ स्टडी, कंपोझिशन, लँडस्केप यांत इथली बरीच मुलं आपल्या जवळपासही येत नाहीत. पण इथे प्रवेश देणारे लोक केवळ हात बघून थांबत नाहीत. त्यांना हवं असतं ते चित्रामागचं शोधणं : स्केचबुकची पानं, अर्धवट सोडलेले प्रयत्न, एकाच विषयाचे पाच-सहा वेगवेगळे घाट. वीस कामं पाठवायची असतील तर त्यात वीस सुंदर पोर्ट्रेट्स नकोत. आठ पूर्ण चित्रं, काही प्रक्रियेचे फोटो, आणि ती सगळी एकाच ध्यासातून आलेली दिसली पाहिजेत.

मग हा ध्यास आणायचा कुठून? माझं स्पष्ट मत आहे की तो विमानात बसण्यापूर्वी घरातून उचलायचा. घरातला लग्नाचा अल्बम काढा. माझ्या घरच्या अल्बममध्ये एका फोटोत आत्या नऊवारीत, स्टुडिओतल्या रंगवलेल्या धबधब्यासमोर उभी आहे. पडद्याच्या खालच्या कडेला फरशी दिसते आणि फरशीवर फोटोग्राफरची चप्पल. मी तो फोटो मोबाइलवर स्कॅन केला, धबधबा ठेवला, आत्याला कापून काढलं आणि तिच्या जागी लंडनच्या बसस्टॉपवर काढलेला मैत्रिणीचा फोटो बसवला. प्रिंट काढून त्यावर चौकोन आखले आणि चार फुटी कॅनव्हासवर चित्र उतरवलं. चप्पल तशीच ठेवली. क्रिटमध्ये, म्हणजे सगळ्या वर्गासमोर कामाची चर्चा होते तेव्हा, त्या चपलेवर अर्धा तास बोलणं झालं. पडदा कुणी रंगवला, असे स्टुडिओ कुठे असायचे, लोक धबधब्यासमोरच का उभे राहायचे? माझ्याकडे सांगण्यासारखं होतं आणि समोरच्यांना ऐकायचं होतं. परदेशात शिकताना हा क्षण फार मोलाचा असतो, आणि तो उसन्या विषयातून येत नाही.

ह्वामीच्या प्रवासातली दुसरी गोष्ट म्हणजे पायऱ्यांचा क्रम. विम्बल्डनमधून बाहेर पडताना तिला क्लाइड अँड को या कायदेविषयक कंपनीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ‘न्यू कंटेम्पररीज’च्या प्राथमिक निवडयादीत तिचं नाव आलं. मग टायबर्न गॅलरी या लंडनमधल्या छोट्या गॅलरीत पहिला सोलो. व्हेनिसचं निमंत्रण यानंतर आलं. गॅसवर्क्स, आणि मग २०२१ मध्ये व्हिक्टोरिया मिरो या मोठ्या गॅलरीत सोलो. यातली ‘न्यू कंटेम्पररीज’ची पायरी नवख्या मुलांना माहीतच नसते म्हणून सांगते. हे तरुण कलावंतांचं निवडक प्रदर्शन १९४९ पासून चालू आहे. ब्रिटनमधल्या कला महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला असलेले आणि नुकतेच बाहेर पडलेले विद्यार्थी खुला अर्ज करू शकतात. निवड करणाऱ्यांत बहुतेक कलावंतच असतात. परदेशी विद्यार्थ्यालाही दार बंद नाही, फक्त मुदत छोटी असते. पदवी मिळून काळ लोटला की हक्क संपतो. म्हणून डिग्री शो (शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन) आणि हा अर्ज यांची तयारी एकदमच करायची.

डिग्री शोबद्दलही थोडं. आपल्याकडच्या वार्षिक प्रदर्शनात भिंत भरण्याकडे कल असतो. इथे तुम्हाला मिळालेल्या भिंतीवर दोनच चित्रं लावलीत तरी कुणी काही म्हणत नाही. उलट भिंतीचे खड्डे बुजवणं, पांढरा रंग देणं, पातळी लावून चित्र टांगणं हे सगळं तुम्हीच करायचं असतं आणि त्याकडे लक्ष असतं. गॅलरीवाले, क्युरेटर, जुने विद्यार्थी पहिल्या संध्याकाळी येतात. चित्राचं नाव, माध्यम, माप, वर्ष आणि संपर्क असा साधा कागद जवळ हवा.

व्हेनिसचा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. झिंबाब्वेचं राष्ट्रीय पॅव्हेलियन तिथे पहिल्यांदा २०११ मध्ये लागलं. त्यामागे हरारेच्या नॅशनल गॅलरीतले तेव्हाचे क्युरेटर राफाएल चिकुक्वा यांची चिकाटी होती. हा तोच देश, जिथे महागाई इतकी भडकली की जानेवारी २००९ मध्ये शंभर ट्रिलियन डॉलरची नोट निघाली. अशा अवस्थेतून बाहेर येत असलेल्या देशाने २०११ पासून जवळपास प्रत्येक बिएनालेत आपले चित्रकार नेले. देशात राहणारे नेले, आणि ह्वामीसारखे बाहेर वाढलेलेही नेले. २०१९ च्या त्यांच्या प्रदर्शनाचं नाव ‘सोको रिसिना मुसोरो’. हर्बर्ट चिटेपो यांच्या शोना भाषेतल्या दीर्घकवितेवरून घेतलेलं. भारताचंही अधिकृत पॅव्हेलियन २०११ मध्येच आलं, आणि पुढचं थेट २०१९ मध्ये. त्यात जे.जे.त शिकलेले अतुल दोडिया आणि जितीश कल्लाट होते, शकुंतला कुलकर्णी होत्या. मधली आठ वर्षं मात्र आपण गैरहजर. याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरुण चित्रकाराच्या पाठीशी त्याचा देश अशा जागी उभा राहतो तेव्हा काय घडू शकतं, हे ह्वामीच्या बाबतीत डोळ्यांसमोर आहे.

आता एक गोष्ट जी अनेकांना उलटी वाटते. २०१९ चं व्हेनिस झाल्यावर ह्वामी पुन्हा विद्यार्थिनी झाली. ऑक्सफर्डच्या रस्किन स्कूल ऑफ आर्टमधून तिने एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट) केलं. नाव झालेलं असताना, चित्रांना मागणी असताना. मला यात तिची सगळ्यात मोठी समज दिसते. बाजार मागतो तेच पुन्हापुन्हा काढत राहण्याचा धोका तरुण यशस्वी चित्रकाराला सर्वाधिक असतो. वर्षभर स्टुडिओ, ग्रंथालय आणि प्रश्न विचारणारी माणसं मिळाली तर त्यातून सुटका होते. तुम्हीही पदव्युत्तर शिक्षणाकडे असंच बघा. पदवी दाखवून गॅलरीचं दार उघडत नाही. पण कामाला सलग वेळ मिळतो.

कॉलेज निवडताना मात्र तिच्या पावलावर पाऊल ठेवू नका. विम्बल्डन आता मुख्यतः रंगमंच आणि चित्रपटाच्या पडद्याशी संबंधित अभ्यासक्रमांसाठी आहे. त्याच विद्यापीठात, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स लंडनमध्ये, चित्रकला शिकायची तर कॅम्बरवेल पाहा. रस्किनचं एमएफए एका वर्षाचं, लंडनच्या स्लेड स्कूलचं दोन वर्षांचं. एका वर्षात राहण्याचा खर्च वाचतो, पण पहिले तीन महिने गाव समजण्यातच जातात. ज्यांना परवडेल त्यांनी दोन वर्षांचा विचार करावा.

पैशांबद्दल आडपडदा नको. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते, पण स्वयंरोजगार करता येत नाही. म्हणजे स्वतःची चित्रं विकण्याचा धंदा त्या काळात करायचा नाही. डिग्री शोमध्ये कुणी चित्र विकत मागितलं तर आधी विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराशी बोलायचं. शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसावर हे बंधन सुटतं. पदव्युत्तर विद्यार्थ्याला तो सध्या दोन वर्षांचा मिळतो. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचा. त्यापुढे ग्लोबल टॅलेंट व्हिसा आहे. चित्रकारांच्या बाबतीत त्याची शिफारस आर्ट्स कौन्सिल इंग्लंड तपासतं आणि प्रदर्शनं, लेख, पुरस्कार यांचे पुरावे मागतं. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक आमंत्रणपत्रिका, प्रत्येक छापील उल्लेख जपून ठेवा. गॅलरी साधारण निम्मी रक्कम कमिशन म्हणून घेते. ते ऐकून दचकू नका, पण चित्र ताब्यात देताना कागद करून घ्या. कुठली चित्रं, किती काळासाठी, विमा कुणाचा, पैसे विक्रीनंतर किती दिवसांत, हे त्यात हवं. माझ्या एका मैत्रिणीची तीन चित्रं एका गॅलरीकडे वर्षभर अडकून पडली होती. कागद होता म्हणून ती परत आली.

शिष्यवृत्त्यांमध्ये इनलॅक्स शिवदासानी आणि चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट ही नावं कलेच्या विद्यार्थ्यांनी पाठ करावीत. ऑक्सफर्डसाठी फेलिक्सही आहे. पदवीच नको, थोडे महिने काम करून परत यायचं असेल तर गॅसवर्क्ससारख्या ठिकाणच्या रेसिडेन्सी बघा. गॅसवर्क्स कलासंस्थांच्या ज्या ट्रायँगल नेटवर्कमध्ये आहे, त्यातच दिल्लीची खोज ही संस्थाही आहे. सुरुवात तिथून करता येते.

आणि जायलाच हवं का? झ्वावाहेरा हरारेतच राहते. तिच्या घरात सकाळी उठल्यावर एकमेकांना स्वप्नं सांगायची रीत होती. ती आजही आपली स्वप्नं टिपून त्यांतून चित्रं करते, आणि तिथूनच व्हेनिसला पोचली. झिंबाब्वेचाच चित्रकार मिशेक मसाम्वू म्युनिकला शिकला आणि हरारेला परतला. तिथलीच व्हर्जिनिया चिहोटा त्रिपोलीत राहिली, मग माँटेनेग्रोत. ह्वामी धरून चौघांच्या चार तऱ्हा, चौघांचंही काम सकस. तेव्हा कुणी गेलं म्हणून जाऊ नका, कुणी राहिलं म्हणून राहू नका. आपल्या कामाला कशाची गरज आहे ते आधी पाहा.

जायचं ठरलंच, तर तारखा आत्ताच वहीत लिहा. ऑक्सफर्डचे अर्ज साधारण जानेवारीत बंद होतात, काही शिष्यवृत्त्या त्याच मुदतीला बांधलेल्या असतात. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना निदान दोन महिने आधी सांगावं लागतं. चित्रांचे फोटो ढगाळ दिवशी, उघड्यावर, फ्लॅश न वापरता काढायचे, आणि पावसाळ्यात मुंबईत तैलरंग वाळायला किती दिवस घेतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या हिशेबाने शेवटचं चित्र गणपतीच्या आत संपायला हवं आणि पोर्टफोलिओ दिवाळीच्या आत.