गुलाबाचे बी थंडीत ठेवताना ओल तुटू देऊ नका

ज्यांच्या गुलाबावरील फळे हिरवा रंग सोडून पिवळी, नारिंगी किंवा लाल होऊ लागली आहेत, त्यांनी यापुढचा एक आठवडाही वाया घालवू नये. बियांना साधारण दहा आठवडे फ्रीजमध्ये ओलसर ठेवून थंडी द्यावी लागते, त्यानंतर उगवणीत तीन ते सहा आठवडे जातात आणि उन्हाचा कडाका सुरू होण्यापूर्वी रोपाला निदान चार खरी (बीजदलांनंतरची) पाने आलेली असावी लागतात; हा हिशेब उन्हाळ्यापासून उलटा मोजला, की हाती किती थोडे दिवस आहेत हे कळते. बी पेरलेल्या तबकातील तापमान सतत २५ अंशांच्या वर राहू लागले, तर न उगवलेले बी पुन्हा सुप्तावस्थेत जाऊ शकते आणि सारी मेहनत पुढच्या हंगामावर जाते.

बी का उगवले नाही असे विचारले, की बहुतेक जण बुरशीचे नाव घेतात. माझ्या पाहण्यात मात्र बुरशीने गेलेल्या बियांपेक्षा फ्रीजमध्ये कोरडे पडून गेलेले बी कितीतरी अधिक आहे. आपण ज्याला बी म्हणतो, ते वास्तविक कठीण कवचात बंद असलेले एकबीजी फळ असते. या कवचात आणि आतील बीजावरणात अंकुरण रोखणारे अ‍ॅब्सिसिक आम्ल असते आणि त्याचा प्रभाव ओसरण्यासाठी थंडी व ओल या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. कोरडे बी वर्षभर फ्रीजमध्ये राहिले तरी ते केवळ टिकते, त्याची सुप्तावस्था मोडत नाही.

एके वर्षी मी स्वतःच ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळलेले बी सैल झाकणाच्या डबीत ठेवून विसरलो. सातव्या आठवड्यात डबी उघडली तेव्हा कागद कुरकुरीत झालेला होता आणि बी त्याला चिकटून बसले होते. त्यांपैकी काहींना टाचणीच्या डोक्याएवढा मोड आला होता, पण तो तपकिरी पडून मेलेला होता. तेव्हापासून कागदाऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसाच वापरतो.

नेहमीची कामे:
- परागीकरणानंतर सुमारे चार महिन्यांनी, पूर्ण रंगलेले फळ तोडणे.
- हातमोजे घालून बी काढणे. आतील लव त्वचेला खाजवते.
- गर पूर्णपणे चोळून धुणे.
- बी २४ तास पाण्यात भिजवणे.
- एक कप पाण्यात ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक मोठा चमचा मिसळून त्यात बी तासभर ठेवणे.
- पिशवीवर जात व तारीख लिहिणे.

पाण्यावर तरंगणारे बी फेकून द्यावे असे सांगितले जाते. माझा अंदाज असा, की ते वेगळ्या पिशवीत ठेवून पाहावे. तरंगलेल्यांतलेही काही उगवताना मी पाहिले आहे.

आता मुख्य काम. भिजवलेले कोकोपीट मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत एखादा थेंब दिसावा, धार लागू नये. शेतात आपण ज्याला वाफसा म्हणतो तीच ही स्थिती. त्यात बी मिसळून झिपच्या पिशवीत भरावे आणि फ्रीजमध्ये २ ते ५ अंशांत, दारापासून व बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावे. पहिल्याच दिवशी पिशवीचे वजन करून तो आकडा पिशवीवरच लिहावा. दर आठवड्याला वजन करून जेवढे ग्रॅम घटले असेल तेवढे मिलिलिटर पाणी फवारावे. पिशवीच्या आतल्या बाजूला बाष्पाचा पातळ थर दिसत असेल तर काळजीचे कारण नाही.

पांढरी बुरशी दिसली तर ती बहुधा राहिलेल्या गरावर असते. बी धुऊन, पेरॉक्साइडच्या वरील द्रावणात पुन्हा बुडवून नव्या कोकोपीटमध्ये ठेवावे. बुरशी मरावी म्हणून पिशवी उघडी ठेवून बी उन्हात वाळवणारे लोक मी पाहिले आहेत. हा उपाय रोगापेक्षा महाग पडतो. कॅप्टान या बुरशीनाशकाची बीजप्रक्रियेची मात्रा किलोला २ ते ३ ग्रॅम असते आणि घरच्या बियांचे वजन जेमतेम काही ग्रॅम भरते, म्हणजे औषध काही मिलिग्रॅमच लागते. त्यासाठी अख्खे पाकीट गळ्यात मारून घेऊ नये. जिब्रेलिक आम्ल या वाढ-संप्रेरकाच्या बाटल्या आणि ‘उगवण वाढवणारी’ द्रव्ये दुकानदार आग्रहाने देतात, पण त्यांतील एकाही बाटलीने सुकलेल्या पिशवीची भरपाई केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

रानटी कुत्रा-गुलाबासारख्या (डॉग रोझ) जातींना थंडीच्या आधी सुमारे तीन महिने उबेतील ओलही लागते. तिथे तर जवळजवळ सहा महिने वाफसा सांभाळावा लागतो आणि हलगर्जीला तेवढीच अधिक संधी मिळते.

सहाव्या आठवड्यानंतर पिशवीत पांढरा मोड दिसू लागला, की ते बी त्याच दिवशी काढून, मोड खाली करून एक सेंटिमीटर खोल पेरावे. इतर बी दहा आठवड्यांनी पेरावे. १५ ते २० अंश तापमान, भरपूर उजेड आणि खेळती हवा असावी. पाणी तबकाच्या खालून द्यावे, कारण वरून सतत भिजलेल्या मातीत रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. वारंवार फुलणाऱ्या जातींची रोपे उगवणीनंतर सहा ते दहा आठवड्यांत पहिली इवलीशी कळी धरतात.

यंदा न उगवलेल्या बियांचे तबक रिकामे करू नये, कारण त्यातले काही बी दुसऱ्या थंडीनंतर उगवते. ते सावलीत ठेवावे आणि उन्हाळाभर त्यातील माती वाळू देऊ नये.