जुन्या ट्रकचं आयडलिंग वरखाली होतंय? आधी हवा शोधा

उसाचा हंगाम सुरू झाला की सांगलीकडे कारखान्याबाहेरच्या रांगेत हा आवाज हमखास ऐकू येतो: गाडी उभी असताना, म्हणजे आयडलिंगला, इंजिन आपोआप चढतं, उतरतं. लगेच आयडलिंगचा स्क्रू पिळू नका. पुष्कळदा डिझेल लाइननं हवा धरलेली असते. डिझेल फिल्टरवरचा हवा सोडायचा एअर स्क्रू सैल करून इंजिनावरचा डिझेल चढवायचा हातपंप मारा. फेस येतच राहिला तर टाकीपासून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंतचा पाइप आणि तांब्याचे वॉशर बघा. ही ओढीची बाजू. इथं डिझेल गळताना दिसत नाही, हवा मात्र आत शिरते. नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळा.

तरीही थरथर? इंजिन चालू ठेवून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलवर येणाऱ्या पाइपचा नट किंचित सैल करा. हात-तोंड लांबच ठेवा, ती धार कातडीत घुसते. आवाज बदलला नाही, तो सिलिंडर अधू.