उपकेंद्रावर नवीन सीएचओ म्हणून येताय? मग पेशंटची गोळ्यांची पिशवी आधी बघा

नर्सिंग करून सीएचओ, म्हणजे उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणून लागलेल्या, नाहीतर लागणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितेय, मी बीड जिल्ह्यात हेच काम करते. ट्रेनिंगमध्ये बीपी, शुगर, सीबॅक फॉर्म (गावातल्या लोकांना कुठल्या आजाराचा धोका आहे ते तपासायचा फॉर्म) सगळं शिकवतात, पण पेशंटचा औषधावरचा पैसा नेमका जातो कुठं हे कुणी सांगत नाही, ते गावात बसूनच कळतं.

आधी एक क्लिअर करते, बीपी-शुगरची गोळी आपण ठरवत नाही. ती एमओ, म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, ठरवतात, आपण त्यांनी सुरू केलेली गोळी दर महिन्याला देतो, फॉलोअप ठेवतो, काही वेगळं दिसलं तर फोन करतो नाहीतर ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, डॉक्टरांना दाखवतो. पण पेशंट घरी खरंच काय खातोय हे एमओंना ओपीडीच्या गर्दीत कळत नाही, ते आपल्यालाच कळतं.

म्हणून नवीन पेशंटला सांगायचं, घरातली सगळी औषधं कॅरीबॅगमध्ये घालून आणा, रिकामी पाकिटं पण. मग बघा काय काय निघतं ते. एक पाकीट तालुक्याच्या डॉक्टरचं, एक लातूरला दाखवलं तेव्हाचं, नावं वेगळी, रंग वेगळा, आणि खाली बारीक अक्षरात दोन्हीवर टेल्मिसार्टन ४०, बीपीची एकच गोळी! म्हणजे डोस डबल आणि खर्च पण डबल. मला एक आजी म्हणायच्या, "म्याडम, सरकारी गोळी हलकी असती, ती लातूरची भारी हाय." त्यांना सरकारी आणि लातूरच्या, दोन्ही पाकिटांवरचं नाव नातवाकडून वाचून दाखवलं तेव्हा पटलं. आपल्या मनानं मात्र एकही गोळी बंद करायची नाही, फोटो काढून एमओंना पाठवायचा.

त्याच पिशवीत कागदाच्या पुडीतल्या गोळ्या असतात, गुडघ्याच्या, कंबरेच्या. त्यावर नाव नाही, काही नाही. कधी त्यात स्टेरॉइड असतं आणि त्यानं शुगर वाढते, रोजच्या पेनकिलरनं बीपी वाढतं, किडनीला त्रास होतो. मग वाढलेल्या बीपीसाठी अजून एक गोळी चालू होते, म्हणजे त्या पुडीचा खरा खर्च दुसऱ्याच बिलात निघतो. सलाईन आणि सुईचं पण तसंच. मजुरी बुडवून बाई सलाईन लावून येते आणि अंगात ताकद आली म्हणते, तिला रागावून काही होत नाही, बसून बोलावं लागतं.

आता मागणीपत्र, म्हणजे उपकेंद्राला लागणाऱ्या गोळ्या मागवायचा कागद. हे लै मनावर घ्या. समजा तुमच्याकडं बीपीचे ८० पेशंट रोज एक अॅम्लोडिपिन घेतात, म्हणजे महिन्याला २४०० गोळ्या. गेल्या वेळी हजार मागवल्या म्हणून यंदा पण हजार असं लिहिलं तर बाकीचे मेडिकलवर जाणार, नाहीतर गोळीच सोडणार. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात उपचार मोफत आहेत, पण कपाटात गोळीच नसली तर त्या मोफतचा काय उपयोग? म्हणून मागच्या आकड्यावर न जाता रजिस्टरवर किती पेशंट, रोज किती गोळ्या, हा हिशोब लावा आणि वर थोडा जादा साठा धरा. एक्स्पायरी जवळची असेल ती आधी वाटा.

आपल्याकडं अजून दोन गोष्टी पुस्तकात नाहीत. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि चार-पाच महिने फडावरच राहतात. त्या आधीच यादी काढा, जास्त दिवसांच्या गोळ्या देता येतील का ते एमओंना विचारा आणि प्रत्येकाला गोळीचं जेनेरिक नाव (कंपनीचं नाही, आतल्या औषधाचं) आणि डोस लिहिलेली चिठ्ठी द्या, तिकडं कुठल्याही पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) दाखवता येते. दुसरं, नवरात्र. नऊ दिवस उपवास धरून बाया तुळजापूरला चालत जातात आणि शुगरची ग्लिमेपिराइड गोळी उपाशीपोटी घेतली तर शुगर एकदम खाली येते. घाम, थरथर, चक्कर आली की लगेच साखर खायची हे घरच्यांनाही सांगा, आणि डोसचं घटस्थापनेच्या आधी एमओंशी बोलून घ्या.

ज्याला बाहेरूनच घ्यायचंय त्याला जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त जेनेरिक औषधांचं दुकान, दाखवा, कंपनीच्या ब्रँडपेक्षा तिथं बऱ्याच गोळ्या निम्म्याहून कमी भावात मिळतात. पण एकाच गोळीसाठी एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी जाणार असेल तर गावातून आठवड्याच्या बाजाराला कोण जातंय ते आशाताईला विचारा, तिला माहीत असतं, त्यांच्याच हाती चिठ्ठी देऊन दोन महिन्यांच्या गोळ्या मागवायच्या.