ब्लेंडरमध्ये ढगांतून उतरणारे किरण

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये राजगडाचं पावसाळी दृश्य उभारताना मी आधी वर्ल्डलाच, म्हणजे दृश्याभोवतीच्या सगळ्या पार्श्वभूमीलाच, व्हॉल्यूम (धुक्यासारखा भराव) जोडला आणि सूर्यप्रकाशच नाहीसा झाला. ते धुकं अनंत पसरतं, दूरच्या सूर्याचा सगळा उजेड गिळून टाकतं. म्हणून डोंगर झाकेल एवढा क्यूब घ्या आणि त्याला व्हॉल्यूम स्कॅटर (प्रकाश विखुरणारं धुकं) द्या. डेन्सिटी, म्हणजे धुक्याची दाटी, अगदी कमी, मला ०.००२ पुरली. अ‍ॅनिसोट्रॉपी (प्रकाश पुढच्या दिशेने किती विखुरतो ते) ०.७ आणि सूर्य कॅमेऱ्यासमोर, की किरण उजळतात. सूर्याचा अँगल (आकाशात तो केवढा दिसतो ते) अर्ध्या अंशाजवळच ठेवा, वाढवला तर किरणांच्या कडा पुसट होतात.

खरी मेहनत किरण ज्यांतून उतरतात त्या भोकांवर घ्या! दिसणारे ढग मी किरणांसाठी वापरतच नाही. क्यूबच्या वर, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं एक प्लेन (सपाट पृष्ठभाग) ठेवतो. नॉइज टेक्स्चर (अनियमित डागांचा नमुना) कलर रॅम्पने, म्हणजे काळ्या-पांढऱ्याची सीमा ठरवणाऱ्या पट्टीने, आवळून त्यात पारदर्शक भोकं पाडतो. भोकं मोजकीच, लहानमोठी असू द्या.