फॉसिल (जीवाश्म) सापडलं? थांबा, आधी या चुका टाळा

दर पावसाळ्यानंतर कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतंच, "डायनासोरचं अंडं मिळालंय, बघ ना". आणि बघितलं तर काय, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला आपला काळ्या दगडाचा गोटा. पण हसू नका हं, असल्या चुका मोठमोठ्यांनी केल्यात.

भीमबेटकाचंच घ्या. २०२० मध्ये भोपाळजवळच्या त्या गुहा बघायला आलेल्या ग्रेगरी रिटॅलॅक आणि त्यांच्या सोबतच्या भूशास्त्रज्ञांना एका गुहेच्या छतावर पानासारखा छाप दिसला. २०२१ मध्ये शोधनिबंध आला की हा डिकिन्सोनिया, म्हणजे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा चपटा समुद्री जीव, भारतातला पहिलाच. पेपरात, टीव्हीवर सगळीकडे गाजलं. मग दुसरे भूशास्त्रज्ञ जोसेफ मीर्ट यांची टीम तिथे जाऊन आली तर तो छाप चक्क दगडावरून सुटायला लागला होता! कोट्यवधी वर्षं खडकात असलेली गोष्ट दोन-तीन वर्षांत कशी सुटेल? ते होतं आग्या मोहोळाचं जुनं, कुजलेलं पोळं. रिटॅलॅकनी चूक मान्य केली, हे मला फार आवडलं. पण मधल्या काळात काय झालं बघा, इतर पुराव्यांवरून १०० कोटी वर्षांच्या आसपासचा वाटणारा खडक त्या एका पोळ्यामुळे ५५ कोटींचा ठरायला निघाला होता.

म्हणजे पहिला प्रश्न "हे कुठल्या प्राण्याचं" हा नाहीच, ते खडकाच्या आत आहे का वर चिकटलंय हा आहे. लेन्स घ्या, कडा बघा, थर त्याच्या अंगावरून जातोय का बघा.

आत असलं तरी गंडायला होतंच. बिरबल साहनी म्हणजे आपल्याकडच्या जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासातलं सगळ्यात मोठं नाव, त्यांना १९४० च्या दशकात आता पाकिस्तानात असलेल्या मिठाच्या डोंगररांगेतल्या नमुन्यांत लाकडाचे बारीक कण मिळाले आणि त्यावरून ते मीठ इओसीन काळातलं, म्हणजे साधारण पाच कोटी वर्षांचं, असं त्यांचं म्हणणं होतं. आज ते ५० कोटींच्याही मागचं मानतात, कण नंतर बाहेरून शिरले असावेत असं धरतात. मीठ विरघळतं, परत जमतं, भेगा पडतात, त्यात काहीही जातं. तेव्हा एकाच नमुन्यावर उडी मारायची नाही, वरचा-खालचा थर काय सांगतो तेही जुळलं पाहिजे.

महाराष्ट्रात तर बहुतेक लाव्हाचेच थर. झाडासारखी काळी नक्षी दिसली की लोक "पानाचं फॉसिल" म्हणतात, ती बहुतेक वेळा मँगनीजची नक्षी असते, भेगेत पाणी झिरपून झालेली. उकळत्या लाव्हात पान कसं टिकेल हो? शोधायचं तर लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या गाळात, नागपूरजवळ टाकळीला तसे जीवाश्म १९व्या शतकातच मिळाले होते. किंवा लाव्हाच्या खालच्या लॅमेटा थरात, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं त्यातलीच.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे दिसलं की उचलून खिशात टाकणं. घरी आल्यावर कुठल्या थरातलं हे आठवत नाही आणि मग तो नुसता दगड, वयाचा काही पत्ता नाही. जागेवरच ठेवा, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, एक जवळून, एक पूर्ण उभा कडा दिसेल असा, लोकेशन सेव्ह करा आणि जवळच्या कॉलेजच्या जिऑलॉजी विभागाला दाखवा. व्हिनेगरने धुवायला तर अजिबात जाऊ नका, चुन्याचं कवच असेल तर फसफसून जाईल.

आणि कार्बन डेटिंग, म्हणजे कार्बनवरून वय काढणं! त्याने साधारण ५० हजार वर्षांपर्यंतचंच कळतं, डायनासोर संपून ६.६ कोटी वर्षं झाली. तेव्हा कुणी "कार्बन डेटिंग केलेलं डायनासोरचं हाड" म्हणून काही विकत असेल तर पैसे न काढता सरळ पुढे चालू लागा.