रिसॉर्टला निघण्याआधी पोराची उंची मोजा, मग बाकीची यादी

पहिलं काम हे: पोराला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करा आणि उंची मोजा. बुकिंग त्यानंतर, बॅगा त्याच्याही नंतर. गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही राईडवाल्या पार्काच्या रिसॉर्टला गेलो, तेव्हा एवढं एक सोडून बाकी सगळं केलं होतं. दशम्या बांधल्या, शेंगाचटणी घेतली, सासूबाईंच्या गोळ्या दिवसवार पुड्यांत भरल्या, चार्जर तीन घेतले. लेकाच्या प्रगतिपुस्तकात उंची १४१ लिहिलेली होती, तेवढ्यावर मी विसंबले. शाळेत बुटांसकट मोजतात हे मला थेट राईडच्या फाटकाशी कळलं.

पार्क कुठला ते जाऊ दे, चूक आमची होती. फाटकाशी रंगीत पट्ट्यांची फळी असते. लेक तिला टेकून उभा राहिला आणि हळूच टाचा उचलल्या. तिथे कामाला असलेल्या पोराने हसत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. टाचा खाली आल्या, आणि डोकं अन् रेघ यांच्यामध्ये दोन बोटांची फट राहिली. महिनाभर ज्या रोलर कोस्टरचे व्हिडिओ बघून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं, त्यात त्याची अकरा वर्षांची आत्तेबहीण बसली आणि हा खाली तिच्या चपला धरून उभा. रडलाही नाही, तेच जास्त लागलं.

आता कारण समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. हॉटेलात पोर वर्षांनी मोजतात, पार्कात सेंटिमीटरने. खोलीत मूल फुकट की जादा गादीचे पैसे, हे वयावर ठरतं. पार्काचं तिकीट अर्धं की पूर्ण, हे उंचीवर. आणि मोठ्या राईडवर घेणार की नाही, हेही उंचीवर. ही रेघ बऱ्याच ठिकाणी १४० सेंटिमीटरची, म्हणजे साधारण ४ फूट ७ इंच. त्यामुळे एखादं उंच पोर हॉटेलात मूल आणि पार्कात मोठं माणूस ठरतं. आमच्या भाचीचं तसंच झालं, वरचे पैसे खिडकीवर भरले. प्रत्येक राईडची मर्यादा पार्काच्या साइटवर दिलेली असते. ती वाचा, वहीत उतरवा, आणि पोराला काय मिळणार नाही ते घरीच सांगा. घरी रुसलेलं पोर संध्याकाळपर्यंत खेळायला लागतं. फाटकाशी रुसलेलं तुमचे दोन दिवस खातं.

कुठे जायचं? बेळगावच्या माणसाला दोन दिशा. खाली बेंगळूरजवळच्या बिडदीचं वंडरला, म्हैसूर रस्त्यावर. पार्क २००५ पासूनचा, आवारातच रिसॉर्ट. वर खोपोलीजवळचं इमॅजिका, २०१३ ला सुरू झालेलं, त्यालाही लागून हॉटेल आहे. बेंगळूरला रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे, ऑगस्ट २०२५ पासून पहाटेची वंदे भारतही आहे. खोपोलीला गाडी घेऊन जाणार असाल तर कागलपासून साताऱ्यापर्यंत रस्त्याचं काम आहे, मोबाईल दाखवतो ती वेळ खरी धरू नका. सासूबाईंना लांबचा गाडीप्रवास झेपत नाही, म्हणून माझं मत रेल्वेच्या बाजूने. शिवाय बिडदीची तट्टे इडली, म्हणजे ताटलीसारखी चपटी, खायला मिळते.

तारखेत आपल्याकडच्या लोकांचा एक फायदा आहे, तो घ्या. आपल्या पोरांची शाळा मराठी असली तरी सुट्ट्या कर्नाटकाच्या. दसऱ्याला आपल्याला दोन-अडीच आठवडे मिळतात, तेव्हा कोल्हापूर-पुण्याच्या शाळा चालू असतात. म्हणजे त्या दिवसांत, शनिवार-रविवार सोडून, खोपोलीला गर्दी कमी आणि बेंगळूरला रेटारेटी. दिवाळीत नेमकं उलट. अडचण एवढीच की नणंद कोल्हापूरची असेल तर तिच्या पोरांची सुट्टी जुळत नाही. आमची जुळली नाही, भाचीची शाळा चार दिवस बुडवली, त्यावरून नंदावांचं बोलणं अजून चालू आहे. जून ते सप्टेंबर खोपोलीचा विचारही करू नका. खानापूरचा पाऊस बघितलेल्या माणसाला घाटाखालचा पाऊस वेगळा सांगायला नको, विजा चमकल्या की उंचावरच्या राईड बंद.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं, बुकिंग करणाऱ्याचं एकट्याचं नाही. सासूबाईंचं आधार कपाटात, बिस्किटाच्या डब्यात, पासबुकाखाली असतं. ते आधी काढा. पोरांचंही घ्या, हॉटेलात वय दाखवायला. (आणि पार्कासाठी? उंची. मोजली का? वाचत बसू नका, टेप काढा. शिलाईची टेप चालते. डोक्यावर वही आडवी धरायची, भिंतीवर पेन्सिलने खूण करायची. पोराच्या अंदाजावर जाऊ नका, त्याच्या बापाच्या तर अजिबात नाही.)

रात्रीच्या गाडीने सकाळी पोचाल, पण खोली साधारण दुपारपर्यंत मिळत नाही. हे मी धरून होते, म्हणून एक गोष्ट बरी झाली: पाण्यात जायचे कपडे, टॉवेल, कंगवा आणि एकेक जोड वेगळ्या पिशवीत होते. मोठ्या बॅगा रिसेप्शनला ठेवायच्या, चिठ्ठी घ्यायची आणि सरळ पार्कात. ही पिशवी केली नाहीत तर लॉबीत सगळ्यांसमोर बॅगा उचकटाल.

कपडे. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, साडी आणि पंजाबी ड्रेस तर नाहीच. नायलॉनसारख्या कापडाचेच लागतात. तिथे विकत मिळतात, पण इथे बेळगावच्या खडेबाजारात आधी घेतलेले स्वस्त पडतात आणि अंगाला बसतात का ते घरी बघता येतं. बायकांचे पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळही मिळतात, लाजायचं कारण नाही. सासूबाई काठावर बसणार म्हणाल्या होत्या, तरी त्यांचा एक जोड घ्या. आमच्या बसल्या नाहीत काठावर. मंगळसूत्र, चेन, कानातलं घरीच. चष्म्याला दोरी. बाहेरचं जेवण आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे दशम्या गाडीत संपवा. तान्ह्याचं खाणं मात्र विचारून घ्या.

आत गेल्यावर कोरड्या राईड आधी, पाणी जेवणानंतर. ओल्या कपड्यांनी कोरड्या राईडवर बहुतेक ठिकाणी घेत नाहीत आणि पोर एकदा पाण्यात शिरलं की बाहेर येत नाही. जेवून लगेच गरगर फिरणारं काही नको. पाठीचं, हृदयाचं दुखणं असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी मोठ्या राईडचं नाव काढू नये, तिथे पाटीच असते. आणि एका मोठ्या माणसाने खाली थांबायची पाळी लावून घ्या. का, तर सगळे वर गेले आणि एक पोर दोन बोटांसाठी खाली राहिलं तर त्याच्यासोबत कोण थांबणार? आमच्याकडे हे ठरलं नव्हतं. मी थांबले, म्हणून मला राईड एकही नाही.

दुसऱ्या दिवशी चेकआउटची वेळ बघा, ओले कपडे प्लॅस्टिकमध्ये, चार्जर भिंतीतून काढा. कुंदा, आपली बेळगावची मिठाई, जाताना न्यायचा, येताना नाही. बस्स.

उंची. काल सकाळी परत मोजली, अनवाणी, दाराच्या चौकटीला. १३९ आणि वर किंचित. दसऱ्याला अजून पाच महिने आहेत, तिकीट काढलेलं नाही.